क्लीन रूमच्या खालची जमीन

लहानपणी बाबा कंपनीतून आले की त्यांच्या शर्टाला ऑइलचा वास यायचा. मी आयटीत लागलो तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "आमच्या लाइनीत धुराडं नाही, सांडपाणी नाही. एकदम स्वच्छ!" बाबा नुसते हसले होते.

हे आठवायचं कारण माउंटन व्ह्यू. ऑनसाइटला असताना तिथे जेवणानंतर पाय मोकळे करायला निघायचो. पार्किंगमध्ये छोटी गोल लोखंडी झाकणं दिसायची. मला वाटायचं, ड्रेनेजची असतील. एका सिनियरने सांगितलं, "अरे, विहिरी आहेत त्या. खालच्या पाण्यात किती विष आहे ते मोजायच्या." झालं! तो वीकएंड वाचण्यात गेला.

तर गोष्ट अशी. १९५७ साली शॉकलीला सोडून आठ जण बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. त्यातल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८मध्ये इंटेल काढली. इथवरची कथा आपल्याला पाठ असते. पण चिप बनवताना धुळीचा कण चालत नाही, तेलाचा अंश चालत नाही. तो काढायला ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीईसारखी सॉल्व्हंट्स वापरत. ती जमिनीत पुरलेल्या टाक्यांत साठवायची. टाक्या आणि पाइप गळत राहिले. वरची खोली 'क्लीन', आणि खालची जमीन?

मिडलफिल्ड रोड, एलिस स्ट्रीट आणि व्हिसमन रोडच्या परिसरात १९८१-८२च्या तपासण्यांत ते उघड झालं. फेअरचाइल्ड, रेथिऑन, इंटेल अशी मोठमोठी नावं त्यात होती. १९८०च्या सुपरफंड कायद्यामुळे घाण करणाऱ्याकडून सफाईचा खर्च वसूल करता येत होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, १९८९मध्ये सफाईचा आराखडा ठरवला. दूषित माती उपसली, मातीतली वाफ शोषून घेतली, विष पसरू नये म्हणून जमिनीखाली भिंती घातल्या. आणि भूजल पंपाने वर काढून शुद्ध करायला सुरुवात केली.

हे शेवटचं काम काही संपत नाही. टीसीई पाण्यापेक्षा जड. ते खाली जातं, चिकणमातीत मुरतं आणि तिथून हळूहळू पाण्यात उतरत राहतं. पिण्याच्या पाण्यात त्याची अमेरिकी मर्यादा लिटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे किती पाणी उपसायचं, विचार करा!

शिवाय त्याची वाफ फरशीच्या भेगांतून वर येते. कारखाने गेले, त्या जागी ऑफिसं आली. २०१२च्या अखेरीस तिथल्या गूगलच्या दोन इमारतींत हवेतलं टीसीई मर्यादेबाहेर गेलेलं आढळलं, मग ते आटोक्यात आणलं गेलं. २०११मध्येच ईपीएने टीसीईमुळे माणसाला कॅन्सर होतो असं जाहीर केलं होतं. कोड लिहिणाऱ्या पोरांनी त्याचा एक थेंबही कधी वापरला नव्हता.

आपण रिलीजच्या घाईत "नंतर बघू" म्हणून एखादा पॅच मारतो आणि तो तिसऱ्याच टीमच्या गळ्यात पडतो, तसंच झालं हे. फरक एवढाच की इथे रोलबॅक नाही. टाक्या काही वर्षं गळल्या, उपसा मात्र काही दशकं चालू आहे.

पण धडाही घेतला गेला. १९८३मध्ये कॅलिफोर्नियाने भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला: नव्या टाकीला गळती अडवणारं दुसरं आवरण हवंच. आता आपल्याकडे धोलेऱ्याला चिपचा कारखाना होतोय. मला आनंद आहेच. फक्त 'किती नॅनोमीटर?' विचारताना आपण 'टाक्या कुठे आहेत, गळती कोण तपासणार?' हेही विचारावं. हा प्रश्न पहिल्या दिवशी स्वस्त असतो.

असो. हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. ते पुन्हा नुसते हसले.