तळघरांतील ध्वनिमुद्रणशाळा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. तुळजापूर तालुक्यांत त्याचा वडिलोपार्जित वाडा आहे, आणि वाड्याच्या पोटांत एक तळघर आहे. पूर्वीं तेथें धान्य ठेवीत. पुढें मोडकीं भांडीं, जुनीं दप्तरें आणि अंधार यांखेरीज त्यांत कांहीं उरलें नाहीं. आतां हें तळघर साफ करून तेथें गाणें मुद्रित करण्याची खोली करावी असें त्याच्या मनानें घेतलें होतें. "सर, हा खर्च म्हणजे निव्वळ हौस असें घरचीं मंडळी म्हणतात. आपणांस काय वाटतें?" असा त्याचा प्रश्न होता. आम्ही गायक नव्हे, इंजिनियरही नव्हे. इतिहास शिकविणाऱ्या माणसानें या प्रश्नाचें उत्तर इतिहासांतूनच शोधावें, हें ओघानेंच आलें. तें उत्तर इतरांसही उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें थोडें विस्तारानें मांडीत आहों.

हिंदुस्थानांतील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ मोठ्या शास्त्रशुद्ध शाळेंत झाला, अशी कोणाची कल्पना असेल तर ती चुकीची आहे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास ध्वनिमुद्रणास बसले तें एका हॉटेलाच्या खोल्यांत. उतारूंसाठीं बांधलेल्या त्या खोल्यांतच यंत्र मांडलें गेलें आणि गोहरजानसारख्या विख्यात गायिकेचा आवाज मेणाच्या तबकडीवर उमटला. त्या तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवाव्या, तेथें त्यांचे ठसे निघावे आणि मग माल परत हिंदुस्थानच्या बाजारांत यावा, असा तो द्राविडी प्राणायाम होता. म्हणजे राहत्या खोलीची ध्वनिमुद्रणशाळा करणें ही आजच्या तरुणांची नवी टूम नव्हे. आपल्याकडे या कलेचा जन्मच मुळीं तशा खोलींत झाला.

परंतु त्या जन्माबरोबर दोन बंधनेंही आलीं. पहिलें यंत्राचें. विजेचें मुद्रण १९२५ सालीं सुरू झालें. तोंपर्यंत गायकाला एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे. कर्ण्याच्या टोकाशीं एक पातळ पडदा, त्याला जोडलेली सुई आणि सुईखालीं फिरणारें मेण. एवढीच काय ती सामग्री. हळू काढलेला स्वर मेणावर उमटत नसे, आणि चढा स्वर लावतांना डोकें मागें न घेतलें तर सुई थरथरून सारें बिघडे. शिवाय सारें गाणें सुमारें तीन मिनिटांत संपवावयाचें. ज्या गायकीचा प्राण संथ आलापींत, त्या गायकीला हें माप म्हणजे हत्तीला उंदराच्या बिळांतून जाण्यास सांगण्यासारखें होतें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले, अल्लादिया खाँ १९४६ सालीं गेले. या दोघांच्या तबकड्या बाजारांत आल्या नाहींत. त्यांचें गाणें ज्यांनीं ऐकलें त्यांच्या आठवणी आहेत, शिष्यांच्या गळ्यांतून उतरलेला वारसा आहे. परंतु तो मूळ आवाज रसिकांच्या पुढील पिढ्यांस दुकानांतून कधीं मिळाला नाहीं.

दुसरें बंधन स्थळाचें. यंत्र कलकत्त्यास, मुंबईस, मद्रासेस जाई. धाराशिवास तें कशाला येईल? हा मुलूख १९४८ पर्यंत निजामच्या राज्यांत. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ सालीं लातुरापर्यंत पोहोंचली, येडशी, तेर, ढोकी हीं गांवें रुळावर आलीं, हें खरें. पण त्या गाडीनें कापूस आणि धान्य मुंबईच्या वाटेला लागलें, गळे लागले नाहींत. तुळजाभवानीच्या अंगणांत संबळ आणि तुणतुण्यावर रात्र रात्र चालणारा गोंधळ, आराधिणींचीं गाणीं, गोरोबाकाकांच्या तेरमधील भजनें, पहाटे जात्यावर म्हटलेल्या ओव्या, हा या भूमीचा खरा स्वरसंसार. त्याला तीन मिनिटांचें माप लावतां येत नव्हतें आणि त्याचा गिऱ्हाईकही कंपनीला दिसत नव्हता. बाजारानें ज्याला भाव दिला तें टिकलें. ज्याला दिला नाहीं तें गाणाऱ्याबरोबर गेलें.

ही स्थिति पालटली ती यंत्र हलकें होऊन घरांत शिरलें तेव्हां. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीचा प्रसार झाला आणि मुद्रणाचा अवधि मिनिटांवरून तासांवर गेला. अमेरिकेंत न्यू जर्सींतील हॅकेन्सॅक या गांवीं रूडी व्हॅन गेल्डर नांवाचे गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे देत, आणि उरलेल्या वेळीं आईवडिलांच्या बैठकीच्या खोलींत जॅझ संगीत मुद्रित करीत. १९५० नंतरच्या दशकांतील त्या संगीताच्या कित्येक नामांकित तबकड्या त्या बैठकींत तयार झाल्या. १९६७ सालीं न्यूयॉर्क राज्यांत वेस्ट सॉगर्टीज येथील एका गुलाबी घराच्या तळघरांत बॉब डिलन आणि त्याचे सोबती जमले, व शंभराहून अधिक गाणीं त्यांनीं साध्या यंत्रावर उतरविलीं. सिमेंटच्या भिंती आणि लोखंडी भट्टी असलेलें तें तळघर शास्त्रदृष्ट्या अगदीं गैरसोयीचें. तथापि त्यांतील निवडक गाणीं १९७५ सालीं प्रसिद्ध झालीं तेव्हां त्यांच्या नांवांतच तळघर अमर झालें.

आपल्या महाराष्ट्रांत याहून मोलाचें काम झालें आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनीं पुण्यास राहून गांवोगांवच्या जात्यावरच्या ओव्या जमविण्याचें काम हातीं घेतलें. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहांत आल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें त्यांतील कांहीं प्रत्यक्ष आवाजांत उतरविल्या गेल्या. येथें गाणारी बाई शाळेंत गेली नाहीं. शाळाच तिच्या उंबऱ्याशीं आली. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचें तात्पर्य आमच्या मतें हेंच आहे: मुद्रणाची खोली गाणाऱ्याच्या घराच्या जितकी जवळ सरकली, तितकें आधीं निसटलेलें हातीं लागत गेलें. या दृष्टीनें पाहतां तुळजापूर तालुक्यांतील तळघर ही निव्वळ हौस नव्हे, हें उघड आहे.

पण तळघरच कां? याचें उत्तर फार जुनें आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत नाट्यमंडप पर्वतांतील गुहेच्या आकाराचा असावा, त्याचे झरोके लहान असावे आणि आंत वारा खेळूं नये, म्हणजे आवाज गंभीर राहतो, असें सांगितलें आहे. धाराशिवच्या डोंगरांत जीं लेणीं कोरलेलीं आहेत त्यांत उभें राहिलें कीं या सूत्राचा अर्थ कानांस कळतो. तळघर म्हणजे घरांत कोरलेली गुहाच. चहूं बाजूंची माती रस्त्यावरची मोटार, शेजारचा भोंगा, पिठाची गिरणी यांचा गलबला सहज गिळून टाकते.

तरीही प्रत्येक दगडी खोली गाण्याला मानवते असें नाहीं. याच जिल्ह्यांत नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीच्या पोटांत पाणीमहाल आहे. तो १६१३ च्या सुमाराचा, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींतला. हा सुलतान स्वतः संगीताचा वेडा, 'किताब-ए-नौरस' या गीतसंग्रहाचा कर्ता. पावसाळ्यांत धरणावरून पाणी कोसळूं लागलें म्हणजे महालांत बसून तो देखावा पाहण्यांत केवढें सुख असेल! परंतु तेथें गाणें मुद्रित करूं म्हणाल तर तें अशक्य. कारण नाद हवेंतून येतो तसा दगडांतूनही येतो, आणि पाण्याचा प्रत्येक आघात भिंत आंत पोहोंचविते. त्याच घराण्याचा विजापूरचा गोल घुमट याच्या उलट टोकाचा: तेथें बाहेरचें कांहीं येत नाहीं, पण आंतलें लवकर जात नाहीं, एक टाळी वाजविली तर ती अनेक वेळां परत येते. बाहेरचा नाद आंत येऊं नये आणि आंतला नाद वेळेवर विरावा, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच ती खोली उपयोगाची.

आमच्या विद्यार्थ्याला पहिली अडचण तळघराच्या छतानें दाखविली. भिंतींबाहेर माती होती, पण डोक्यावर माजघर होतें. तेथें पाटा सरकला कीं खालीं गडगडाट होई. खालच्या बाजूनें, जुन्या तुळयांना न टेकणारें असें दुसरें छत करणें आणि दाराच्या फटी बुजविणें, यांतच त्याचा निम्मा पैसा गेला. दुसरी अडचण मापांची निघाली. तळघर अठरा फूट लांब, बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच. लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळें दोन्हींचे नाद एकाच जागीं, सेकंदाला सुमारें बासष्ट कंपनांवर, एकवटत. तंबोऱ्याची खर्जाची तार याच्या आसपासच बोलते. परिणाम असा कीं खर्ज आणि डग्ग्याची घुमक राक्षसासारखी फुगे आणि बाकीचे स्वर तिच्यांत बुडत.

त्यानें घरांतल्या साऱ्या वाकळी भिंतींवर टांगल्या. याच जातीचा प्रयोग १८९५ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत वॉलेस सेबाइन या प्राध्यापकानें आरंभिला होता. तेथील एका नव्या व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. सेबाइन रात्रीच्या शांततेंत शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या आणून मांडी, घुमारा किती घटला तें मोजी, आणि पहांटेपूर्वीं त्या परत नेऊन ठेवी. त्या गाद्यांतून आधुनिक ध्वनिशास्त्र जन्मास आलें. मात्र वाकळीचा गुण मर्यादित असतो: ती तार स्वरांचा घुमारा शोषते, खर्जाला हात लावीत नाहीं. सगळीकडे वाकळी लावल्या तर गाणें निर्जीव होतें आणि डग्गा तेवढा गर्जत राहतो. शेवटीं वाकळी निम्म्या काढून कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या भिंतीपासून थोडें अंतर ठेवून उभ्या केल्या, तेव्हां खर्ज ताळ्यावर आला.

आतां दोन सावधगिरीच्या गोष्टी. धान्याचें पेंव उघडल्याबरोबर त्यांत उतरूं नये, आधीं तें उघडें ठेवावें, दिवा सोडून पाहावा, हा खेड्यांतला जुना शिरस्ता आहे. कोंडलेली हवा माणसाचा प्राण घेते. बंदिस्त केलेलें तळघर हें मोठें पेंवच होय. हवेला येण्याजाण्यास वांकडी, आंतून कापूस लावलेली वाट ठेवावी, म्हणजे वारा येईल आणि आवाज अडेल; आणि वीज गेली म्हणून तेलाचें जनित्र कधींही आंत चालवूं नये. शिवाय आमच्या भागांतील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व भिंतींना ओल देते. ओलीनें तबल्याची पुडी उतरते, तंबोऱ्याचें लाकूड हलतें.

दुसरी गोष्ट लिहितांना लेखणी अडखळते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांतील हजारों माणसें निजल्या जागीं गेलीं. ज्या जाड दगडमातीच्या भिंती उन्हाला, थंडीला आणि आवाजाला अडवीत, त्या आणि त्यांवरचीं मातीचीं जड माळवदें त्यांच्या अंगावर आलीं. म्हणून जुन्या वाड्याच्या पोटांत हात घालण्यापूर्वीं जाणत्या इंजिनियरास भिंती दाखवाव्या, एकही खांब वा भिंत मनास येईल तशी काढूं नये, आणि बाहेर पडण्यास दुसरी वाट ठेवावी. हा खर्च यंत्राच्या खर्चाआधींचा आहे.

त्या पहाटेनें आणखी एक गोष्ट नेली. सास्तूरसारख्या गांवांत जात्याशीं बसणाऱ्या ज्या बायका गेल्या, त्यांच्या ओव्या कोणीं उतरून घेतल्या होत्या? पंचनाम्यांत घरें आलीं, गुरें आलीं, भांडीं आलीं. गाण्यांचा पंचनामा कोणाला करतां येणार?

आमच्या विद्यार्थ्याच्या आजीचें माहेर लोहारा तालुक्यांतलें. त्याचें दुसरें पत्र दिवाळीनंतर आलें. खोली तयार झाली होती, पण पहिलें मुद्रण कोणाचें करावें याचा निर्णय होत नव्हता. आणि आजीच्या ओव्या घ्याव्या म्हटलें तर तिला पायऱ्या उतरवत नाहींत. आम्हीं उलट टपालानें लिहिलें: "आजीला खालीं नेऊं नकोस. तार लांब कर, मायक्रोफोन वर माजघरांत ने, तिच्यापुढें जातें मांड आणि ती म्हणेल तेवढें घे. जात्याची घरघर आली तरी येऊं दे. ती ओवीचाच भाग आहे. तळघरांत तूं यंत्राशीं बसून ऐक."

तसें झालें. साठ वर्षांत जीं गांवें तिनें सासरीं सांगितलीं नव्हतीं त्यांचीं नांवें ओव्यांतून निघालीं, आणि मुद्रण एका बैठकींत आटोपलें नाहीं. चार सकाळ लागल्या. घरचीं मंडळी आतां खर्चाविषयीं बोलत नाहींत, असें त्यानें ताजा कलमांत लिहिलें आहे.