पहारेकऱ्याचे वाचन

श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला मराठी लेख लोक शतकानुशतके वाचीत आले आहेत. त्या वाचनाने कोणास अपाय झाल्याचे ऐकिवात नाही. संगणकाच्या वाचनाची गोष्ट निराळी. बाहेरून आलेला मजकूर किती लांबीचा व कोणत्या स्वरूपाचा आहे, हे आधी पारखले नाही, तर वाचता वाचताच तो आज्ञा होऊन बसतो.

ही उणीव १९८८ मध्ये एका पावसाळी रात्री विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक बार्टन मिलर यांच्या ध्यानी आली. टेलिफोनच्या तारेवरून काम चालले असता वादळाने तारेत खरखर होई, भलतीच अक्षरे उमटत आणि रोजच्या वापरातले प्रोग्राम कोलमडत. मिलर यांनी मग विद्यार्थ्यांकरवी मुद्दाम असंबद्ध अक्षरे पुरवून पाहिली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तपासलेल्या युनिक्स प्रोग्रामांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा या माऱ्यापुढे टिकला नाही.

मग जे प्रोग्राम सुरक्षिततेच्या तपासणीसाठीच रचलेले, त्यांचे काय? त्यांना तर परक्याचा, किंबहुना शत्रूचा, प्रत्येक मजकूर वाचणे भागच असते. मार्च २००३ मध्ये आयएसएस या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी ‘स्नॉर्ट’ या टेहळणी करणाऱ्या प्रोग्रामातील वैगुण्य दाखवून दिले. तुकड्यांनी आलेला संदेश जोडताना त्याला जागा पुरेल की नाही, याची मोजणी नीट होत नव्हती. दैवगती अशी की, सुमारे वर्षभराने तीच पाळी आयएसएसवर आली. १८ मार्च २००४ रोजी तिच्या स्वतःच्या संरक्षक प्रोग्रामांतील दोष जाहीर झाला आणि दोन दिवस उलटण्याच्या आत ‘विटी’ नामक कृमी सुटला. ‘आयसीक्यू’ या गप्पांच्या सेवेतील संदेशाचे सोंग घेऊन तो येई. पहारेकऱ्याने संदेश तपासावयास घेतला की काम झाले. पाऊण तासात सुमारे १२,००० संगणक त्याच्या कह्यात गेले. पुढे तो त्यांच्या तबकड्यांवरील माहिती थोडी थोडी पुसत राही. ज्या संगणकावर हा पहाराच बसविलेला नव्हता, त्याला मात्र विटीने स्पर्शही केला नाही.

२०२० मध्ये ‘मेटास्प्लॉइट’ या परीक्षकांच्या प्रसिद्ध साधनातही असाच दोष सापडला व दुरुस्त झाला. नमुना म्हणून दिलेल्या अँड्रॉइड फायलीच्या प्रमाणपत्रातील मालकाचे नाव हे साधन जसेच्या तसे उचलून आपल्या आज्ञेत गुंफीत असे. नावाच्या जागी कोणी आज्ञाच लिहून ठेवली, तर परीक्षकाचा संगणक ती निमूटपणे पाळी.