बटण कुठे गेलं? वेबपेजच्या रुंदीचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आहे ती एक खिडकी. मूळ व्हिडिओत मी इथे ब्राउझरची खिडकी माऊसने धरून हळूहळू अरुंद केली होती. ई-बुक वाचणाऱ्यांनी हाताशी कॉम्प्युटर असेल तर बातम्यांची एखादी साइट उघडून तेच करून पाहा. तीन रकान्यांचे दोन होतात, दोनाचा एक होतो, वरचा मेनू तीन आडव्या रेघांत जाऊन बसतो, फोटो अंग चोरून घेतात. आता याचं कोणाला काही वाटत नाही. पण मी इंदूरमध्ये वेबसाइट बनवायला लागलो ते २००४ साल. तेव्हा कोणी मला हे दाखवलं असतं तर मी त्याला जादूगार म्हटलं असतं.

या इतिहासात मी पडलो तो एका चुकीमुळे. २०१२ च्या उन्हाळ्यात मी एका शिक्षणसंस्थेसाठी प्रवेश अर्जाचं पान बनवलं होतं. शेवटच्या दिवशी मुदत संध्याकाळी पाचची. पावणेपाचला एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. देवासच्या पुढच्या एका गावातून बोलत होते. "सर, पूरा फॉर्म भर दिया है, पर भेजने का बटन ही नहीं है." मी म्हटलं, खाली उजवीकडे बघा, हिरवं बटण आहे. ते म्हणाले, नहीं है. मी माझ्या मॉनिटरवर बघत होतो आणि ते बटण मला ठसठशीत दिसत होतं. मी तेच तेच सांगत राहिलो, ते तेच तेच म्हणत राहिले. पाच वाजले.

ते बटण कुठे गेलं होतं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत, जिनिव्हाजवळ, पहिली वेबसाइट केली. १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगाला खुली झाली. त्या पानावर नुसता मजकूर आणि लिंका. पण एक गोष्ट लक्षात घ्या: त्या मजकुराला रुंदी नव्हती. खिडकी जेवढी, तेवढी ओळ. खिडकी लहान केली की शब्द खालच्या ओळीत उतरायचे. भांडं बदललं की पाणी आकार बदलतं तसं. म्हणजे पडद्याप्रमाणे जुळवून घेणं हा वेबचा जन्मजात स्वभाव होता. तो आम्ही घालवला. आम्ही म्हणजे डिझाइन करणाऱ्यांनी.

घालवला कसा? आमच्या डोक्यात छापील पान होतं. छापखान्यात कागदाचा आकार आधी ठरतो, मग त्यावर सगळं मिलिमीटरमध्ये बसवतात. वेबवर तसं बसवायला साधन नव्हतं, म्हणून लोकांनी तक्ता पळवला. आकडेवारीसाठी असलेल्या तक्त्याच्या रेघा अदृश्य करायच्या आणि चौकटींमध्ये मेनू, मजकूर, चित्रं ठेवायची. जागा सोडायची असेल तर एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र घ्यायचं आणि हवं तेवढं ताणायचं. हसू येतं, पण १९९६-९७ च्या सुमारास हीच कारागिरी होती, आणि मीही माझी पहिली साइट अशीच केली. रुंदी आधी ६४० पिक्सेलच्या पडद्याची धरत, मग ८०० ची, मग १०२४ ची. साइटच्या तळाशी 'ही साइट ८०० बाय ६०० मध्ये उत्तम दिसते' अशी पाटी लावत. घरी आलेल्या पाहुण्याला आधी कपडे बदलून या म्हणण्यातला प्रकार!

गंमत म्हणजे शहाणपण आधीच सांगून झालं होतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्नमध्येच काम करणाऱ्या होकन व्हियुम ली या नॉर्वेजियन माणसाने एक प्रस्ताव मांडला. त्याचीच पुढे सीएसएस झाली, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा. त्या पहिल्या प्रस्तावात अशी कल्पना होती की पडद्याची उंची अमुक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर एक मांडणी वापरावी, नसेल तर दुसरी. अट घालून मांडणी बदलायची! १९९६ च्या डिसेंबरमध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून आली तेव्हा हा भाग त्यात नव्हता. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पडदा, छपाई, हातातलं यंत्र असे माध्यमांचे प्रकार आले, पण रुंदी विचारायची सोय नव्हती. ती येऊन सगळीकडे चालायला आणखी बारा-चौदा वर्षं गेली. समित्यांच्या कामाचा वेग आपल्याकडेच तसा असतो असं समजू नका.

एप्रिल २००० मध्ये जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन डिझायनरने 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात एक लेख लिहिला. नाव 'अ डाओ ऑफ वेब डिझाइन'. ताओ ते चिंगचा आधार घेऊन तो सांगत होता की पानावरचा ताबा सोडा, वाचणाऱ्याच्या हातात काय आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही, तेव्हा लवचीक पान करा. मी तो लेख फार उशिरा वाचला. वेळेवर वाचला असता तरी मानला असता का? नसता. गिऱ्हाईक छापील नमुना घेऊन यायचं आणि मॉनिटरला पट्टी लावून मोजायचं, हो, खरोखर पट्टी लावून. शिवाय २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ जास्तीत जास्त रुंदी आणि कमीत कमी रुंदी या साध्या सूचनासुद्धा समजत नव्हता.

मग जून २००७. आयफोन आला. त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद, आणि जगातल्या साइट हजार पिक्सेलच्या आसपास. ॲपलने युक्ती केली. फोनचा ब्राउझर पानाला सांगतो, माझी खिडकी ९८० पिक्सेलची आहे. पान तेवढ्या रुंदीत मांडलं जातं आणि मग आख्खं आक्रसून छोट्या पडद्यावर दाखवलं जातं. मुंग्यांएवढी अक्षरं, दोन बोटांनी मोठी करून वाचा. ज्याला फोनची खरी रुंदी हवी त्याच्यासाठी व्ह्यूपोर्ट नावाची एका ओळीची सूचना ठेवली. याचा उलटा परिणाम असा की सर्नचं ते पहिलं पान, जे कुठल्याही खिडकीत मावायचं, त्यात ही ओळ नाही म्हणून आयफोनवर बारीक अक्षरात दिसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडे २०१० च्या आसपास आयफोन कोणाकडे होता? आपल्याकडे होते बटणांचे फोन आणि ऑपेरा मिनी. तो पान आपल्या सर्व्हरवर आणून, दाबून, हलकं करून पाठवायचा, म्हणून टूजीवर आणि छोट्या रिचार्जवर चालायचा. मराठी अक्षरांच्या जागी मात्र चौकोन दिसायचे. त्यावर आडवाटेचा उपाय होता: एका लपलेल्या सेटिंगमध्ये जाऊन देवनागरीसारख्या लिपी चित्ररूपात मागवायच्या. व्हिडिओखाली बडोद्याच्या आणि हैदराबादच्या बऱ्याच जणांनी लिहिलं की ते सेटिंग आम्हीही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फोनवर करून दिलं होतं.

आता मुख्य वळण. २५ मे २०१०. 'अ लिस्ट अपार्ट'मध्येच ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरचा लेख आला, 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन'. हे नाव त्याने वास्तुशास्त्रातून घेतलं. आत माणसं किती आहेत ते पाहून स्वतःत बदल करणाऱ्या भिंती आणि खोल्या, असे प्रयोग तिथे चालले होते. लेखात त्याने तीन गोष्टी एकत्र बांधल्या. पहिली, रकान्यांची रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत. ९६० च्या पानात ३०० चा रकाना असेल तर ३०० भागिले ९६०, म्हणजे ३१.२५ टक्के. शाळेतलं गणित. दुसरी, चित्राला सांगायचं की तुझ्या रकान्याच्या शंभर टक्क्यांहून रुंद व्हायचं नाही. तिसरी, मीडिया क्वेरी, म्हणजे खिडकी अमुक रुंदीच्या खाली गेली की मांडणीच बदला. यातलं सुटंसुटं काहीच नवं नव्हतं. मार्कॉटने तिघांना एका घरात नांदायला लावलं आणि घराला नाव दिलं. नाव मिळाल्यावर गिऱ्हाइकाला समजावता येतं, कोटेशनमध्ये ओळ टाकता येते. माझ्या मते अर्धं काम त्या नावाने केलं. सप्टेंबर २०११ मध्ये 'बॉस्टन ग्लोब' या मोठ्या दैनिकाने आपली साइट अशी केली आणि हे खेळणं नाही हे लोकांना पटलं.

आणि मी? मी २०१२ मध्ये त्यातली एक ओळ उचलली. कुठेतरी वाचलं की व्ह्यूपोर्टची सूचना टाकली की साइट मोबाइलवर चालते. टाकली. पान मात्र ९६० पिक्सेलचंच ठेवलं. साहजिकच फोनवर पान पडद्याबाहेर जाऊ लागलं आणि खाली आडवी सरकपट्टी आली. ती मला कुरूप वाटली, म्हणून बाहेर जाणारं सगळं लपवा अशी आणखी एक ओळ लिहिली. सरकपट्टी गेली. पान छान, स्वच्छ दिसू लागलं. नाव, पत्ता, गुण या सगळ्या रकान्या डावीकडे होत्या, त्या फोनवर व्यवस्थित भरता येत होत्या. हिरवं बटण उजव्या टोकाला होतं. ते मी माझ्या हाताने कापून टाकलं होतं. ती ओळ नसती तर त्या वडिलांनी निदान बोटाने पान सरकवून बटण गाठलं असतं.

हे मला त्या रात्री आठ वाजता, मित्राचा अँड्रॉइड फोन मागून आणल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी संस्थेला सगळं सांगितलं. त्यांनी त्या मुलीचं नाव उशिराच्या यादीत घेतलं, पण तिला हवा होता त्या विषयाच्या जागा भरल्या होत्या. सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या तेव्हा मोबाइलवरून फॉर्मपर्यंत आलेले आणि तिथेच थांबलेले आणखीही दिसले. त्यांनी फोन केला नव्हता.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो बहुतेकांनी पाहिलाय. ट्विटरमधून निघालेल्या बूटस्ट्रॅपने २०१२ पासून तयार साचे दिले. २१ एप्रिल २०१५ ला गूगलने मोबाइलवरच्या शोधात फोनला जुळणाऱ्या पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली, आणि जी गिऱ्हाइकं माझं ऐकत नव्हती ती आपणहून फोन करू लागली. २०१६ मध्ये जिओ आलं. २०१७ मध्ये सीएसएस ग्रिड आलं, आणि पळवलेल्या तक्त्याचं काम शेवटी त्यासाठीच बनवलेल्या साधनाकडे गेलं.

एक उणीव बाकी होती. मीडिया क्वेरी खिडकीला विचारते, किती रुंद आहेस? पण बातमीची चौकट अरुंद रकान्यात पडली आहे की रुंद, हे खिडकीला काय माहीत? घर मोठं असलं तरी पाहुण्याला माळ्यावर झोपवलं असेल तर त्याने पाय कुठे पसरायचे? ज्या जागेत आपण आहोत तिची रुंदी विचारायची सोय, कंटेनर क्वेरी, डिझायनर कित्येक वर्षं मागत होते. ब्राउझर बनवणारे म्हणत, यात घोळ आहे: चौकट आतल्या मजकुराने रुंद होते आणि मजकूर चौकट बघून बदलतो, मग आधी कोण? अंडं की कोंबडी? तोड अशी निघाली की ज्या चौकटीला विचारायचं, तिची रुंदी आतल्या मजकुरावर अवलंबून नाही असं आधी जाहीर करायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते क्रोममध्ये आलं, सप्टेंबरमध्ये सफारीत, फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये.

त्या संस्थेचं काम अजून माझ्याकडेच आहे. अर्जाचं पान दरवर्षी मेमध्ये खुलं होतं. पाठवायचं बटण आता पूर्ण रुंदीचं आहे, शेवटच्या रकान्याच्या खाली. आणि मुदतीच्या दिवशी दुपारी मी एक जुना, काच तडकलेला फोन घेऊन बसतो आणि सगळा अर्ज पहिल्यापासून भरून पाहतो.