द्वंद्वशर्यतीची नौका : सोलिंग ते एलियट

शिडाच्या नौकांच्या शर्यतीचे दोन प्रकार आहेत. एकात अनेक नौका एकाच वेळी सुटतात. दुसऱ्यात दोनच नौका समोरासमोर येतात. या दुसऱ्या प्रकाराला येथे द्वंद्वशर्यत म्हटले आहे. तीत वेगापेक्षा प्रतिस्पर्ध्याचा वारा अडविणे, त्यास नियमभंग करावयास लावणे यांचे महत्त्व अधिक. म्हणून नौका चपळ वळणारी व तंतोतंत सारखी हवी. एरवी कसब कोणाचे आणि नौका कोणाची, याचा निवाडा होत नाही.

नॉर्वेचे यान लिंगे यांनी १९६० नंतरच्या दशकात आखलेली सोलिंग ही सुमारे ८.२ मीटर लांबीची, तळाशी जड कणा असलेली तीन खलाशांची नौका. १९७२ पासून ती ऑलिंपिकमध्ये होती, परंतु समूहशर्यतीसाठी. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे समूहशर्यतीनंतर निवडक संघांची द्वंद्वे लावण्याची पद्धत आली. नौका जुनीच, कसोटी मात्र नवी. २००० साली सिडनी येथे डेन्मार्कच्या येस्पर बांक यांनी जर्मनीच्या योखेन श्यूमान यांना अंतिम द्वंद्वात हरविले, आणि तेथेच सोलिंगची ऑलिंपिक कारकीर्द संपली. तिची धाकटी बहीण म्हणावी अशी लिंगे यांचीच इंग्लिंग २००४ व २००८ मध्ये महिलांना मिळाली. पण पुन्हा समूहशर्यतीसाठीच.

द्वंद्वशर्यतीला ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २०१२ साली, महिलांच्या स्पर्धेत. नौका होती न्यूझीलंडच्या ग्रेग एलियट यांची सहा मीटरची. वेमथ येथे बारा संघांना नौका आयोजकांनी पुरविल्या. आपली म्हणून कोणी घासूनपुसून आणलेली नौका तेथे नव्हती. समतेचे तत्त्व इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाळले गेले असेल. स्पेनने ऑस्ट्रेलियाला ३–२ असे हरविले.

परंतु हा निकाल लागण्यापूर्वीच, २०११ मध्ये, आंतरराष्ट्रीय नौकानयन संघटनेने २०१६ च्या कार्यक्रमातून ही स्पर्धा वगळली होती. प्रयोग पाहण्याआधीच त्याचे मूल्यमापन झाले, असे म्हणणे भाग आहे. एलियट नौकेत दोष आढळला म्हणून ती गेली, असे नव्हे. नवे प्रकार व नव्या नौका यांना जागा करून देण्याच्या चढाओढीत तिचा बळी गेला. नौकांचा इतिहास केवळ आराखड्यांच्या आधारे लिहिणाऱ्यांनी समित्यांची इतिवृत्ते चाळली नाहीत, तर एलियटची ही एकाच ऑलिंपिकपुरती हजेरी त्यांना उलगडणार नाही.