युनिक्सवरचे तीन टायपिस्ट

कमांड लाइन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळा पडदा आणि समोर बसलेला एखादा पट्टीचा प्रोग्रामर. बरोबर ना? पण युनिक्सचा सुरुवातीचा इतिहास पाहिला तर तिथे टायपिस्टही भेटतात.

गोष्ट अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधली. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवं यंत्र हवं होतं. पण ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पैसे द्यायला वरिष्ठ राजी नव्हते. मग 'मजकूर संपादनाची यंत्रणा बनवतो' असं सांगून त्यांनी पीडीपी-11 पदरात पाडून घेतलं. लॅबच्याच पेटंट विभागाला अशी यंत्रणा हवी होती. पेटंटच्या अर्जात ओळींना क्रमांक लागत. रॉफ या प्रोग्रामात ती सोय लगेच करून दिली गेली.

1971 च्या उत्तरार्धात तीन टायपिस्ट दिवसभर या यंत्रावर अर्ज तयार करू लागले. मेमरी किती? फक्त 24 किलोबाइट! पडदा नव्हताच. टेलिटाइपवर तुमची आज्ञा आणि यंत्राचं उत्तर, दोन्ही कागदावरच उमटायचं. संपादनासाठी 'एड' होता. 'ए' दिलं की लिहायला सुरुवात, ओळीत नुसतं टिंब दिलं की थांबायचं. 'पी' म्हणजे ओळ छापून दाखव, 'डी' म्हणजे काढून टाक, 'डब्ल्यू' म्हणजे जपून ठेव. आणि चुकलात तर? उत्तरादाखल एक प्रश्नचिन्ह, बस्स.

त्यात भर म्हणजे संशोधक याच यंत्रावर आपले नवे प्रोग्राम तपासून बघत. मेमरीला संरक्षण नव्हतं, त्यामुळे एकाच्या चुकीने सगळी यंत्रणा कोसळू शकायची. तरीही प्रयोग तडीस गेला. पेटंट विभागाने युनिक्स स्वीकारलं आणि त्या जोरावर संशोधकांना पुढचं मोठं यंत्र, पीडीपी-11/45, मिळालं.

म्हणजे बघा, युनिक्सची पत वाढली ती थोडीफार या तिघांच्या टायपिंगवर. रिचींनी पुढे लिहिलेल्या इतिहासात त्यांचं काम येतं, नावं मात्र येत नाहीत. इतिहास बहुधा बनवणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. वापरणाऱ्यांना मुद्दाम शोधावं लागतं.

तुम्ही आज कमांड लाइन शिकत असाल आणि 'हे आपलं काम नव्हे' असं वाटत असेल, तर हे तिघे आठवा. मूठभर आज्ञा, हातात रोजचं खरं काम, आणि प्रश्नचिन्ह आलं की पुन्हा प्रयत्न. एवढ्या शिदोरीवर सुरुवात होते.