'इसोका' आणि सोन्याच्या खाणी

अनेक मुलींचे मन जिंकणाऱ्या तरुणाला दक्षिण आफ्रिकेतील झुलू भाषेत 'इसोका' म्हणतात. त्या देशाच्या शहरांत एच. आय. व्ही. इतका का पसरला असे विचारले की, पुष्कळजण ह्या शब्दाकडे बोट दाखवितात आणि 'त्यांची परंपराच तशी' असे म्हणून मोकळे होतात. हा निवाडा आम्हांस मान्य नाही.

जुन्या झुलू समाजात तरुणांच्या प्रेमालाही शिस्त होती. मोठ्या मुली धाकट्यांवर लक्ष ठेवीत. विवाहापूर्वी गर्भ राहणे ही नामुष्की मानली जाई. म्हणून 'उकुसोमा' ह्या प्रथेने शरीरसुखाला मांड्यांपुरती सीमा घातलेली होती. 'इसोका'ला कीर्ती होती, तशी मर्यादाही होती. आणि खरे पुरुषत्व सिद्ध होई ते गुरांच्या रूपाने 'इलोबोलो' देऊन घर उभारल्यावरच.

1886 साली विट्‌वॉटर्सरँड येथे सोने सापडले. खाणींना पुरुषांचे श्रम हवे होते. त्यांची कुटुंबे नको होती. मजूर कुंपणाआडच्या बराकींत राहिले, बायका गावी राहिल्या. 1923 च्या शहरी क्षेत्र कायद्याने आणि पासांच्या जाचाने ही ताटातूट पक्की केली. उपदंश फैलावतो तो ह्याच वाटेने, हे डॉ. सिडनी कार्क ह्यांनी 1949 सालीच लिहून ठेवले होते. पुढे नवा रोग आला तो ह्याच मळलेल्या वाटेने.

पासांचे कायदे 1986 साली गेले. पण त्याच सुमारास खाणींतील रोजगारही आटू लागला. इलोबोलोला पैसा नाही, म्हणून लग्न नाही. पुरुषत्वाची जुनी मर्यादा गेली, मिरविणे तेवढे उरले. मुलींना तर फी, भाडे, कपडे ह्यांसाठी मिळवत्या, वयाने मोठ्या पुरुषांकडे पाहावे लागे. तेथे निरोधाचा आग्रह धरणे म्हणजे अविश्वास दाखविणे ठरे. सरकारी दवाखान्यांत तपासलेल्या गर्भवतींपैकी 1990 साली शेकडा एकीलाही हा संसर्ग नव्हता. 2005 साली तो शेकडा तिसांच्या घरात गेला. तरुण मुलींत त्याचे प्रमाण त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक राहिले.

2004 पासून सरकारी औषधोपचार सुरू झाला, पुढे मृत्यूही घटले. परंतु औषधाने भाडे भरले जात नाही.

बदलीचा हुकूम येताच बिऱ्हाड बांधणाऱ्या आमच्या वाचकांस संसार सोबत नेण्याच्या मुभेचे मोल ठाऊक आहे. ती ज्यांच्या आजोबांना कायद्यानेच नाकारली, त्या तरुणांना शीलाचा उपदेश करण्याआधी त्यांच्या शहरांचा इतिहास वाचणे अगत्याचे नव्हे काय?