दिएस इरे

मृतांसाठीच्या कॅथलिक मिस्सात शतकानुशतके गायले गेलेले लॅटिन गीत. रचना तेराव्या शतकातली. परंपरेने ती फ्रान्सिस्कन संन्यासी चेलानोचा थॉमस याच्या नावावर आहे, पण हे कर्तृत्व निर्विवाद नाही. विषय अंतिम न्यायाचा दिवस. कवी आधी थरकाप उडवतो आणि मग एकट्या पापी जिवाच्या तोंडून दयेची याचना करतो. गीताची खरी ताकद या वळणात आहे.

एक यमक साधणाऱ्या तीन-तीन ओळींची कडवी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरे. साथीला वाद्य नाही, सगळे एकाच सुरात गातात. सुरुवातीचे चार स्वर आपल्या पद्धतीने कोमल गंधार, रिषभ, कोमल गंधार, षड्ज असे म्हणता येतील. स्वरसप्तक काफी थाटाचे. हीच चाल बर्लिओझने 1830 च्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये घेतली. मोझार्टने मात्र 1791 मध्ये शब्द ठेवून संगीत नवे दिले.

1570 च्या रोमन मिस्साग्रंथात या गीताला स्थान मिळाले.

भारतात लॅटिन गायनाची घडी बसली ती गोव्यात. सोळाव्या शतकापासून तिथल्या चर्चशाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन आणि गायन शिकवले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) उपासना लोकभाषांत आली: गोव्यात कोकणी, वसईत मराठी. सुधारित अंत्यविधीच्या मिस्सातून ‘दिएस इरे’ वगळले गेले. भयाऐवजी पुनरुत्थानाच्या आशेवर भर देण्याचा हेतू समजण्याजोगा असला, तरी संगीताच्या दृष्टीने हे नुकसान मोठेच आहे. 2 नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनी कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना आजही होतात.